होडी रिकामी आणायची नाही

रविवारी सकाळी साडेसहा वाजता नदीवर पूल दिसू लागला. शनिवारी तो नव्हता.

अलीकडच्या घाटावर बसलेल्या तिघा नावाड्यांनी तो एकदमच पाहिला. तिघे तीन निरनिराळ्या शहरांत, आपापल्या घरी, संगणकासमोर होते आणि हेडफोनवरून एकमेकांशी बोलत होते. नदी एका खेळातली होती. तलवारी, मंत्रतंत्र आणि पडक्या किल्ल्यांचा तो खेळ तिघे बरीच वर्षे खेळत होते. कंपनीने वर्षभर गाजावाजा केलेला नवा भाग, ‘पलीकडचा मुलूख’, त्या सकाळी सुरू झाला होता. त्या मुलखात जायला सोय म्हणून दगडी कमानींचा पूल.

“बांधलाय मात्र छान,” मास्तर म्हणाले. मास्तर निवृत्त मुख्याध्यापक. चांगल्याला चांगले म्हणायचे आणि मग गुण कापायचे, ही त्यांची जुनी सवय.

आजोबा पेंगत होती. खेळात आजोबा हा गुडघ्यापर्यंत दाढी असलेला म्हातारा आहे. प्रत्यक्षात ती पस्तिशीतली नर्स आहे, आणि ‘आजोबा आली का’ असे विचारताना आता कोणाची जीभ अडखळत नाही. ड्यूटीवरून येऊन कपडे न बदलता ती बसली होती. तिने एक लांब जांभई दिली, तेवढीच ऐकू आली.

तिसरी पुलाकडे बघतच नव्हती. खेळात तिला नावाडीण म्हणतात. वय त्रेपन्न, दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायचे काम. ती पाणी बघत होती.

आजवर त्या नदीचे पाणी म्हणजे निळा रंग होता. इस्त्री कपड्यावरून फिरावी तशी होडी त्यावरून सरकायची. वल्हे मारले काय आणि न मारले काय, सारखेच. पाण्याला जरा तरी ओढ द्या, असे तिने कंपनीला दर वर्षी कळवले होते. दर वर्षी आभाराचे तेच उत्तर यायचे. आज तिने वल्हे बुडवले आणि ते अडले. होडीचे नाक प्रवाहाच्या दिशेने वळले, ते तिला सावरून घ्यावे लागले. वल्हे वर काढले तर त्याच्या कडेवरून थेंब ओघळत गेले, आणि तळाखाली पाणी लाकडाला लागल्याचा आवाज आला.

“आजोबा, पाण्याला ओढ आहे गं,” ती म्हणाली.

“आणि पूल?”

“पूल राहू दे. आधी वल्हं मारून बघ.”

तिघांनी नदीत गोल गोल चकरा मारल्या. मास्तरांची होडी दोनदा काठाला आपटली आणि दोन्ही वेळा ते लहान पोरासारखे हसले. अर्ध्या तासाने तिने मान वर केली, तेव्हा पुलावरून लोक चालले होते. घोळक्याने, उड्या मारत, हातातल्या मशाली हलवत. खाली होड्या आहेत याकडे कोणाचे लक्ष नव्हते. ज्यांनी पाणी इतके मनापासून केले, त्यांनीच त्याच्यावर पूल टाकला होता. तिने हेडफोन काढून ठेवला आणि चहा टाकायला उठली. दोन कप पाण्याला तिने चारदा साखर घातली.

नवरा म्हणाला, “आज नदीवर काय झालं?” ती खेळायला बसली की तो फोनवर लोकांना ‘ती नदीवर गेलीये’ असेच सांगतो. दूरच्या एका नातेवाइकाची समजूत आहे की यांच्याकडे पाण्याचे हाल आहेत.

“पूल झाला,” ती म्हणाली.

“मग बरंच झालं की,” तो म्हणाला, आणि तिच्याकडे बघून पुन्हा वर्तमानपत्रात शिरला.

नावाड्याचे काम त्या खेळात कोणाला नको असायचे. होडी शिकायला महिने लागत, त्यात लढाई नाही, खजिना नाही, मिरवायला काही नाही. पण पलीकडच्या रानातल्या औषधी वनस्पती सगळ्यांना लागत आणि नदी पोहून जाता येत नसे. तेव्हा काही जणांनी होडी शिकून घेतली. एके काळी दहा-बारा नावाडी होते. त्यांनी आपसात एक नियम केला. कंपनीचा नाही, त्यांचा स्वतःचा. होडी रिकामी आणायची नाही. कोणाला पलीकडे सोडले की तिथेच थांबायचे, अलीकडे यायला कोणी मिळेपर्यंत. कारण सरळ होते. पलीकडचे रान वाईट. संध्याकाळी तिथे लुटारू निघतात. कोणी जखमी होऊन धावत काठावर यावा आणि घाटावर होडी नसावी, असे होता कामा नये. या नियमामुळे नावाडी पलीकडच्या काठावर तासन् तास बसत आणि गप्पा मारत. आजोबाचे लग्न ठरले आणि मोडले, मास्तरांच्या पत्नीचे आजारपण झाले, ते सगळे त्या काठावर बोलून झालेले होते.

नव्या मुलखाच्या तोंडाशी, पलीकडच्या काठावर, आता वेस उभी केली होती आणि वेशीत पहारेकरी. आत जायचे तर त्याला आपला धंदा सांगायचा. लोहार, वैद्य, शिकारी, गवंडी, सराफ, रखवालदार. सहांपैकी एक निवडायचा. नावाडी त्यांत नव्हता. ज्याचा धंदा बसत नाही त्याने जुना सोडून नवा घ्यायचा.

दुपारी मास्तर वेशीकडे गेले. आत जायला नव्हे, पहारेकऱ्याशी वाद घालायला. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांशी त्यांनी उभा जन्म वाद घातला होता; हा तर खेळातला शिपाई. सहा धंद्यांच्या खाली सातवे उत्तर होते, ‘मी आहे तो आहे’. मास्तरांना ते फार आवडले. त्यांनी ते दाबले.

“काय आहेस?” पहारेकऱ्याने विचारले.

“नावाडी.”

“होतास,” पहारेकरी म्हणाला.

मास्तरांच्या पाठीवरचे वल्हे नाहीसे झाले आणि हातात थापी आली. कंपनीने त्यांना गवंडी केले होते. मास्तरांनी थापी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, “वाक्य मात्र चांगलं लिहिलंय हो.” तेवढ्यावर ते आत निघून गेले.

चारच्या सुमाराला लेकीचा फोन आला. नवऱ्याने दारातून विचारले, “नदीवर आहे म्हणून सांगू का?” नावाडिणीने हात पुढे करून फोन घेतला.

खेळ घरात आणला होता लेकीने. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि खोलीचे दार लावून बसायची. आत काय चालते ते बघायला आईने स्वतःचे एक पात्र तयार केले आणि खेळात शिरली. काय करायचे ते कळेना, म्हणून घाटावर उभी राहिली. लेक आली, आईला बघून वैतागली, आणि म्हणाली, “तू होडी शिक तोवर. मी आलेच.” वर्षभरात लेकीने खेळ सोडला. आई आली म्हणून सोडला, असे तिने नंतर एकदा भांडणात सांगितले होते. आईने मात्र होडी शिकून घेतली होती आणि ती तिला आवडली होती. लेक येईल म्हणून आपण तिथे बसलो, असे कोणी म्हटले की नावाडीण अजून चिडते.

लेक आता दुसऱ्या शहरात विमा कंपनीत आहे. फोनवर तिने सांगितले की नवा भाग तिने घेतला आहे. आठ वर्षांनी खेळ उघडणार आहे. उद्या संध्याकाळी, सातला. आईने यायचे, दोघींनी मिळून मुलखात जायचे. आधी ती ऑफिसातल्या लोकांची टिंगल करत बोलत होती. मग आवाज जरा उतरला.

“इथं घरी आले की कोणी नसतं गं,” ती म्हणाली. “म्हटलं, तू असशील.”

सोमवारी लॅबमध्ये नावाडीण मेणाच्या पट्टीत खालचे दात बसवत होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांची कवळी होती. पुढच्या दातांतला एक तिने किंचित तिरका बसवला. त्यांच्या जुन्या फोटोत तो तसा होता आणि सरळ बसवला तर बायको ओळखणार नाही, असे त्यांनी बजावले होते. शेजारच्या टेबलावर पॉलिशवाल्याने यंत्र थांबवले. तिचा चेहरा बघून त्याने विचारले, आणि तिने सांगितले. त्याने सगळे नीट ऐकून घेतले.

“म्हणजे ब्रिजवर तुमचा राग,” तो म्हणाला. “आणि आपलं पोट चालतं कशावर?” त्याच्या पुढ्यात त्याच दिवशी चकाकवलेले चार ब्रिज होते, पडलेल्या दाताच्या जागी दोन्हीकडच्या दातांना धरून बसणारे.

तिला हसू आले. दातांतली फट निराळी आणि नदी निराळी, ती म्हणाली.

“पण मला सांगा बाई, तो भाग चांगला आहे का वाईट? एक काय ते.”

कंपनीनेही सकाळी तेच विचारले होते. पाचपैकी तारे द्या. “पाण्याला पाच,” ती म्हणाली. “पुलाला शून्य. म्हणजे अडीच होतात. पण अडीच दिले तर ते खोटं होईल. अडीच चांगलं असं तिथं काहीच नाहीये.”

“मग काय दिलंत?”

“काही नाही. त्यांना विचारायची घाई, मला सांगायची नाही.”

पॉलिशवाल्याने यंत्राच्या बटणावर हात ठेवला, पण दाबले नाही. “पूल झाल्यावर होडीत कोण बसणार?”

“नाही बसणार कोणी.”

“मग?”

“मग काय. मी बसेन,” ती म्हणाली आणि मेण गरम करायला वळली.

संध्याकाळी सातला लेक घाटावर आली. पात्र आठ वर्षांपूर्वीचेच होते: लाल केस, पायांत न शोभणारे बूट आणि स्वतःपेक्षा लांब तलवार.

“काय ध्यान केलं होतं मी हे,” लेक म्हणाली.

“मला रोज आठवायचं,” आई म्हणाली. “तलवार जमिनीला घासायची.”

लेक पुलाकडे वळली. आई होडीजवळ उभी राहिली.

“आई, चल ना. पूल आहे.”

“दिसतोय मला.”

“मग?”

“तुला पुलावरून जायचं तर जा. मी होडीने येते. पलीकडे भेटू.”

लेकीने मान वर केली. वरून लोक चालले होते. एक जण थांबला, खाली वाकून बघून गेला. मग तलवार सावरत लेक होडीत येऊन बसली. ती बसताच होडी तिच्या बाजूला कलली. असे पूर्वी होत नसे. आईने वल्हे मारून होडी सावरली.

“हे नवीन आहे?” लेकीने विचारले.

“कालपासून.”

“मस्त आहे.”

“आहेच मस्त,” आई म्हणाली. “कोण नाही म्हणतंय.”

चहा उकळायला लागतो तेवढा वेळ पलीकडे जायला लागतो. त्या वेळात लेकीने नव्या घराबद्दल सांगितले. वरच्या मजल्यावर कोणी तरी रोज फर्निचर सरकवतं, ती म्हणाली, आणि तिला त्याची इतकी सवय झाली आहे की एखाद्या दिवशी आवाज आला नाही तर ती काळजीत पडते. आई वल्हे मारत होती. नाक धरून ठेवायला तिला बोलता बोलता मध्येच थांबावे लागत होते. पुलाची सावली होडीवरून गेली तेव्हा दोघीही बोलायच्या थांबल्या. सावलीसुद्धा कंपनीने बारकाईने केली होती; पाण्यावर पडून ती थरथरत होती.

पलीकडे उतरून दोघी वेशीपाशी गेल्या. पहारेकऱ्याने लेकीला धंदा विचारला. शिकारी, तिने सांगितले. तो बाजूला झाला. मग त्याने आईला विचारले.

आईने सहाही नावे वरपासून खालपर्यंत वाचली.

“सांग ना, आई. वैद्य सांग. तुला जमेल.”

“मी नावाडीण आहे.”

“ते त्याच्यात नाहीये. काहीतरी दुसरं सांग आणि आत ये. आत गेल्यावर कोण विचारतंय?”

“आत गेल्यावर वल्हं नसेल.”

“आई, तो माणूस नाहीये. प्रोग्राम आहे.”

“म्हणूनच,” आई म्हणाली. “माणूस असता तर समजावून सांगितलं असतं.”

पहारेकऱ्याने प्रश्न पुन्हा विचारला. दर थोड्या वेळाने, त्याच सुरात, तो विचारत राहणार होता. लेकीचा श्वास हेडफोनवर ऐकू येत होता. ती रागावली की आधी असाच श्वास सोडते.

“मी इतक्या वर्षांनी आले,” ती म्हणाली. “एकदा. तुझ्यासाठी. आणि तुला लाकडाचा एक तुकडा सोडवत नाही.”

“तुझ्यासाठी मी रोज येईन. वेशीपर्यंत नेईन, वेशीपासून आणीन. बोलत बोलत जाऊ. पण त्याला ठरवू देणार नाही मी, की मी कोण होते.”

लेक वेशीकडे तोंड करून उभी राहिली.

“तू जा,” आई म्हणाली. “बघून ये सगळं. डोंगर फार छान केलेत म्हणे. मी घाटावर आहे. होडी रिकामी नेत नाही मी.”

“आणि मी पुलावरून परत गेले तर?”

“तर मला दिसेल. इथून सगळा पूल दिसतो.”

लेक वेशीतून आत गेली. नकाशावर तिचा हिरवा ठिपका बराच वेळ वेशीजवळच थांबला होता. मग डोंगरांकडे सरकू लागला.

सोमवारपासून होडी पलीकडच्या काठाला होती. नावाडीण संध्याकाळी कामावरून आली की हातपाय धुऊन बसे, खेळ उघडे आणि घाटाच्या पायरीवर आपले पात्र बसवी. अलीकडे यायला कोणी उतारू मिळत नव्हता. सगळे पुलावरून जात. काही जण कठड्यावरून वाकून काही तरी म्हणत. एकाने लिहिले, ‘आजी, पूल दिसत नाही का?’ तिने उत्तर लिहिले, ‘दिसतो. चांगला आहे.’ तो पुलावरून पुढे गेला.

लेक फोटो पाठवत होती, मजकुराशिवाय. बर्फाची खिंड, पेटलेला मनोरा, ढगांच्या खाली उडणारे पांढरे पक्षी. नावाडीण प्रत्येक फोटो मोठा करून बघे. ‘बर्फ चांगला झालाय,’ तिने एकदा लिहिले. ते खरेच होते. एका फोटोत दूरवर समुद्र दिसत होता. तो तिने नवऱ्यालाही दाखवला. त्याने चष्मा वर करून बघितला आणि विचारले, “इथे होडी चालेल का तुझी?” तिने फोन काढून घेतला. त्या रात्री तिने तो फोटो आणखी एकदा उघडला.

बुधवारी कंपनीने जाहीर केले की ज्या घाटावरून येत्या महिनाभरात एकही फेरी होणार नाही, तो घाट काढून टाकण्यात येईल. खाली बारीक अक्षरांत खुलासा होता: रिकामी फेरीही फेरी म्हणून मोजली जाईल.

आजोबाचा लगेच फोन आला. आजोबा आदल्या दिवशीच वेशीतून आत जाऊन वैद्य झाली होती. दिवसभर तेच आणि संध्याकाळीही तेच, म्हणून मास्तरांनी तिला हसून घेतले होते. मास्तर स्वतः पुलाच्या कठड्याची डागडुजी करत होते. गवंड्याला त्याचे गुण मिळतात.

“एकदा आण ना रिकामी,” आजोबा म्हणाली. “पाच मिनिटांचं काम. घाट वाचेल.”

“घाट वाचेल,” नावाडीण म्हणाली. “बाकी काय वाचेल?”

“तुझा हट्ट तरी कमी होईल.”

“तो मला पुरवून वापरायचाय.”

आजोबा हसली. मग हसणे थांबवून म्हणाली की आता त्या काठावर कोणी जखमी होऊन येत नाही, लुटारूसुद्धा कंपनीने हटवलेत, तेव्हा नियमाला अर्थ काय उरला? नावाडिणीने यावर विचार केला. अर्थ उरला नसेल, ती म्हणाली. पण नियम आपण केला होता, त्यांनी नाही. मोडायचा तर आपणच मोडू, त्यांनी मोजायचं ठरवलं म्हणून नाही. आणि माझी एक उतारू आत गेलीये.

“ती पुलावरून जाईल गं,” आजोबा हळूच म्हणाली. “तरुण आहे. तिला नाही लक्षात राहणार.”

“मग जाईल,” नावाडीण म्हणाली.

गुरुवारी लेकीचा फोटो आला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी नावाडीण लॅबमधून आली तेव्हा बोटांना मेणाचा वास होता. म्हातारे गृहस्थ कवळी घेऊन गेले होते. आरशात बघून त्यांनी तिरक्या दाताला जीभ लावून पाहिली होती आणि काहीही न बोलता हात जोडले होते. पॉलिशवाल्याने निघताना विचारले की नदीची काय खबर. अजून पलीकडेच, तिने सांगितले.

सातला तिने खेळ उघडला. पूल नेहमीसारखा भरलेला होता. पाणी चढले होते. कंपनीने त्याला भरती-ओहोटीही दिली आहे, हे तिला आज कळले. घाटाची खालची पायरी बुडाली होती आणि होडी दोराला ओढ देत होती. तिने नकाशा उघडला.

हिरवा ठिपका डोंगर उतरत होता. थांबत नव्हता, वळत नव्हता. त्या वाटेच्या शेवटी एकच जागा आहे, वेस. वेशीतून बाहेर आले की डावीकडे पुलाची पायरी लागते आणि उजवीकडे घाट.

हेडफोनवर शांतता होती. लेकीने बोलायचे बटण सुरू केलेले नव्हते. मागच्या खोलीत फोन वाजला, आणि नवऱ्याचा आवाज आला, की ती नदीवर आहे, वेळ लागेल.

सात वाजून वीस मिनिटांनी ठिपका वेशीत आला. नावाडिणीने होडीचा दोर खुंटीवरून सोडून हातात धरला होता.